‘कॉम्प्युटर तसंच घेतो!’

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दिवस उजाडेपर्यंत निम्मा व्यवहार उरकलेला असतो. रात्रभर चालून आलेल्या गाड्या लागतात, हमाल माल उतरवतात, तोलणार काट्याजवळ उभा राहतो, गाळ्यासमोर वक्कल मांडले जाते, भाव पुकारला जातो आणि शेतकऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टाचे रूपांतर पाहता पाहता एका कागदात होते. बाजारात त्या कागदाला ‘पट्टी’ म्हणतात. मालाचे नाव, डाग, वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडे आणि शेवटी हाती पडणारी रक्कम एवढाच त्यावरचा मजकूर. परंतु गावी परतल्यावर सोसायटीत, बँकेत आणि घरातल्या माणसांपुढेही त्या शेतकऱ्याचा पुरावा तोच असतो. त्यावरील प्रत्येक अक्षराला किंमत आहे, आणि ती अक्षरशः रुपयांत मोजता येते.

पूर्वी ही पट्टी दिवाणजी हाताने लिहीत. आता गाळ्यागाळ्यांत संगणक आले. हे चांगलेच झाले. बेरीज चुकत नाही, नक्कल हवी तेव्हा निघते. पण अशा छापील कागदांवर ‘शेतकऱ्याचे नाव’ या जागी ‘शेतकर्याचे नाव’ असे छापलेले आढळते. ‘व्यापाऱ्यांना सूचना’ ऐवजी ‘व्यापार्यांना सूचना’ असा फलक लागतो. दराच्या रकान्यात दराऐवजी भलतीच तारीख उमटते. आणि कोणी त्यावर बोट ठेवलेच, तर उत्तर ठरलेले असते : “काय करणार? कॉम्प्युटर तसंच घेतो!”

या शब्दांत एका समाजाने पत्करलेली शरणागती आहे. ती केवळ मार्केट यार्डातील गाळ्यांपुरती नाही. शासकीय कार्यालयांत, शाळांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, इतकेच काय, स्वभाषेचा अभिमान अहोरात्र मिरवणाऱ्या संस्थांच्या निमंत्रणपत्रिकांवरही तीच दिसते. यंत्र आपण विकत घेतले, वीज आपली, बोटे आपली, भाषा आपली. आणि काय उमटावे हे मात्र यंत्राने ठरवायचे!

हे प्रकरण समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या प्रणालींमध्ये वारंवार लागणाऱ्या शब्दांसाठी संक्षेप ठेवण्याची सोय बरीच जुनी आहे. दोन अक्षरे लिहावीत, ठरावीक कळ दाबावी आणि पूर्ण शब्द उमटावा. यात हुकूम लिहिणाऱ्याचा असे. १९९३ साली आलेल्या ‘वर्ड ६’ या आवृत्तीपासून ‘ऑटोकरेक्ट’ म्हणजे स्वयंदुरुस्ती ही सोय आली आणि चित्र पालटले. आता वेगळी कळ दाबण्याची गरज उरली नाही. शब्द संपवून मोकळी जागा सोडली, की यंत्र आपणहून मागचा शब्द तपासते व त्याला चूक वाटेल ते बदलते. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणे, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करणे, एक भागिले दोन असे लिहिले की त्याचा अर्ध्याचा जोडआकडा करणे, ओळीच्या आरंभी आकडा व टिंब दिसले की यादी सुरू करणे, अशी ही कामे. इंग्रजी लिहिणाऱ्याला यांतली बहुतेक उपयोगाचीच आहेत. ती मराठीसाठी कधी आखलीच नव्हती, इतकाच मुद्दा आहे.

संक्षेप आणि खुणा ही काही परक्यांनी आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. भुसार बाजार पुण्याच्या नाना पेठ-भवानी पेठेत होता, त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या पेढ्यांवरच्या वह्या खुणांनी भरलेल्या होत्या. हात न उचलता झरझर लिहिण्याची मोडी हीच मुळी एक सोय. पाव लिहायचा तर एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. ‘साडेतीन मण’ लिहायला कारकुनाला निमिषही लागत नसे. यंत्राने आज अर्ध्याचा आकडा आपोआप जोडून दिला, की आपण चकित होतो; पण पाव, अर्धा आणि पाऊण या तिघांपलीकडे त्याची आपोआप धाव जात नाही. (आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी फौज पाठ असे, हे नव्या पिढीला सांगूनही पटणार नाही.) दिवाणजीची खूण दिवाणजीची होती. ती त्याने शिकलेली, त्याने ठरवलेली, त्याच्या बाजाराला मान्य असलेली होती. वहीचा कागद कधी उठून म्हणत नसे, “तुम्ही लिहिलेत ते चूक आहे, मी बदलून टाकले.”

मराठीची खरी ससेहोलपट झाली ती १९९०च्या दशकात व त्यानंतरची काही वर्षे. त्या काळात वापरात असलेले अनेक देवनागरी टंक म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. संगणकाच्या पोटात साठवलेले अक्षर इंग्रजीच असे. फक्त पडद्यावर व कागदावर त्याच्या जागी देवनागरी आकृती दिसे. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या ‘कृतिदेव’सारख्या टंकांत ‘डी’ या कळीवर पूर्ण ‘क’ असतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ उमटवली की अर्धा ‘क्’. माणसाच्या दृष्टीने ही मांडणी सरळ आहे. पण स्वयंदुरुस्तीला दिसतो तो इंग्रजी मजकूर. वाक्याच्या किंवा तक्त्यातील रकान्याच्या आरंभी लहान ‘डी’ दिसला, की ती शिस्तीने मोठा करी. परिणाम काय? ‘कांदा’ लिहिला, मोकळी जागा सोडली, की पुढचा पूर्ण ‘क’ अर्धा होऊन कांदा मोडून पडे. ‘कमल’ हे नाव ‘क्मल’ होई. अवतरणचिन्हाच्या कळीवर अर्धा ‘श्’ ठेवलेला. यंत्र त्या चिन्हाला वळण देऊ लागले, की ‘शेतकरी’, ‘शेंगदाणा’, ‘शेवगा’ यांतला ‘श’ जागेवर राहीलच याची शाश्वती नसे. लागोपाठ दोन मोठी अक्षरे आली तर दुसरे लहान करायचे, हाही एक नियम. म्हणजे शब्दारंभी दोन अर्धी अक्षरे जोडून लिहिणाऱ्याची वेगळी गंमत.

अप्पा बळवंत चौकापासून मार्केट यार्डापर्यंत जिथे जिथे मराठी टंकलेखन चाले, तिथल्या अनुभवी माणसाला एक गोष्ट ठाऊक असे : यंत्र सुरू करा आणि आधी त्याच्या सगळ्या ‘दुरुस्त्या’ बंद करा. ही साधी माणसे होती. त्यांनी भाषाशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. पण यंत्राला गप्प बसवल्याखेरीज मराठी नीट लिहिता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांनी ओळखले नाही, त्यांनी मोडलेल्या कांद्याची पट्टी छापली आणि ‘कॉम्प्युटर तसंच घेतो’ म्हणून हात झटकले.

या दुखण्यावरचे औषध पुण्याला परके नव्हते, ही यातली खरी बोच. १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था पुण्याची. भारतीय भाषांच्या संगणकीय वापरासाठी आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे याच संस्थेत वाढले. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कळफलक असावा म्हणून इन्स्क्रिप्टची मांडणी १९८६ साली प्रमाण ठरली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर उभी आहे. विंडोजमधून घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. म्हणजे पाया आपल्या लोकांनी घातला, आणि त्यावर राहायला जायचे कष्ट मात्र आपणच घेतले नाहीत.

युनिकोड आल्यावर मुखवटा गळाला. संगणकाच्या पोटात आता देवनागरी अक्षरच साठते. मग ‘शेतकर्याचे’ कुठून येते? येथेही यंत्राचा आपोआप लागू होणारा नियमच आहे. ‘र’, त्याला हलन्त, पुढे व्यंजन, असा क्रम दिसला की यंत्र पुढच्या अक्षरावर रफार चढवते. ‘आचार्य’ लिहायला हा नियम अगदी योग्य. पण मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन निराळे शब्द आहेत. एक गुरुजनाकडे जातो, दुसरा स्वयंपाकघराकडे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ सह्याद्रीत. संस्कृतला या दुसऱ्या ‘र’ची गरज नव्हती, हिंदीलाही नाही. मराठीला आहे. शेतकऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा ज्यात उल्लेख येतो ते प्रत्येक वाक्य या अक्षरावर उभे आहे. बाजार समितीचे कोणतेही परिपत्रक उघडावे; त्याच्यावाचून चार ओळी सरकत नाहीत.

आणि हे अक्षर यंत्रात उपलब्ध नाही, असेही नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. मुळात ती द्राविडी भाषांतील एका उच्चारासाठी ठेवलेली; पण तिचे अर्धे रूप आपला हा आडवा ‘र’ दाखवते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबावी, मग हलन्त, मग ‘य’. एका जादा बोटाचे काम आहे. तेवढ्यासाठी शेतकऱ्याचे नाव त्याच्याच पट्टीवर मोडून टाकायचे?

‘ॲ’ची कथाही अशीच. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई; आजही पुष्कळजण तसेच करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना ते यंत्राला दोन वेगळे शब्द वाटू शकतात. त्यामुळे यादीत नाव असूनही ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर मिळू शकते.

अक्षरांकडून आकड्यांकडे आलो, तर हसावे की रडावे कळत नाही. मेथीच्या जुडीला दहा ते बारा रुपये भाव निघाला. तक्ता करणाऱ्याने एक्सेलच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत १०-१२ असे लिहिले आणि पुढे गेला. यंत्राने आपोआप ठरवले की ही तारीख आहे, आणि रकान्यात ‘१० डिसेंबर’ अवतरले. ज्याच्या लक्षात आले त्याने रकान्याचे स्वरूप बदलून पाहिले, तर तिथे ४६००१ असा आकडा उभा! कारण एक्सेल तारीख साठवते ती १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या रूपात, आणि १० डिसेंबर २०२५ हा त्या मोजणीतला ४६००१ क्रमांकाचा दिवस. माणसाने लिहिलेले दहा आणि बारा एव्हाना त्या रकान्यातून पुसले गेलेले असतात. ते आठवणीतून पुन्हा लिहायचे. आणि लक्षात आलेच नाही, तर पुढच्या बेरजेत मेथीची जुडी शेहेचाळीस हजारांना गेली म्हणायची.

हे केवळ आपल्या बाजाराचे अडाणीपण नव्हे. जगातील जनुकशास्त्रज्ञांचे याच सवयीपुढे हात टेकले. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांसारखी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करी आणि संशोधनाचे तक्ते नासत. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली त्या जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. ‘मार्च’ या नावाचे जनुक ‘मार्चएफ’ झाले. यंत्राची खोड मोडता येईना म्हणून माणसाच्या शरीरातील घटकांचे बारसे नव्याने झाले! एक्सेलमध्ये हे आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय आली ती त्यानंतर, २०२३ साली. म्हणजे खोड मोडता येत होती. फक्त पुरेशा माणसांनी तक्रार करीपर्यंत कोणाला निकड वाटली नाही. मराठीच्या बाबतीत ही तक्रार किती जणांनी, कुठे आणि कोणत्या शब्दांत केली आहे?

उदाहरणे आणखी आहेत. मराठी कागदपत्रांत कलमे-उपकलमे अ, ब, क, ड अशी पडतात. हा क्रम इंग्रजीच्या वळणावर बेतलेला आहे हे मान्य. पण तो आता आपल्या परिपत्रकांत, प्रश्नपत्रिकांत, करारनाम्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुळला आहे. शब्दसंपादकाच्या आपोआप यादीत देवनागरीसाठी ‘हिंदी’ या नावाखाली स्वरांचा क्रम आहे, व्यंजनांचा आहे. अ, ब, क, ड नाही. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची आपली जुनी सवय आहे. कंसात ‘स्वत:’ असे लिहून कंस पुरा केला, की यंत्र ती दोन चिन्हे एकत्र वाचते आणि गंभीर अर्जाच्या मध्यभागी एक हसरा चेहरा काढून ठेवते.

अक्षरांच्या वळणाचेही तसेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठीचे आकार निश्चित केले. २०२२ साली त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. अनेक चांगल्या टंकांत हे आकार असतातही. पण ते केव्हा दिसतात? मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असेल, आणि वापरातली प्रणाली ती नोंद मानत असेल, तेव्हा. नोंद नसेल तर टंक आपला नेहमीचा, म्हणजे बहुधा हिंदीच्या वळणाचा आकार पुढे करतो. यात हिंदीचा काही दोष नाही. ती आपली भगिनीभाषा आहे, आणि तिच्या लोकांना त्यांचा ‘ल’ शोभतोच. दोष आपला आहे, कारण आपण आपल्या मजकुरावर ‘मराठी’ अशी नोंदच करीत नाही. घराच्या दारावर पाटी न लावता टपाल भलतीकडे जाते म्हणून रागावण्यासारखेच हे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालवली, तेव्हा त्यांच्यापुढे मुद्रणाचा व्यावहारिक प्रश्न होता. देवनागरी छापायला शेकडो प्रकारचे खिळे लागत, जुळारी दमत, खर्च वाढे आणि टंकलेखन यंत्रात तर एवढी अक्षरे बसवणेच अवघड. म्हणून त्यांनी अ-ची बाराखडी पुढे आणली. ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’. त्यांच्याशी इतर बाबतींत दोन टोकांना असलेल्या काका कालेलकरांनीही हीच वाट धरली होती. तो प्रयोग टिकला नाही, त्याच्या कारणांची चर्चा वेगळी. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या माणसांनी यंत्राची अडचण अभ्यासली, लिपीत काय बदलावे ते स्वतः विचारपूर्वक ठरवले, लेख लिहून लोकांपुढे मांडले आणि वाद घातले. यंत्राला जुळेल असा बदलही त्यांना चालत होता. तो आपण केलेला असावा, एवढाच त्यांचा आग्रह. आज यंत्राची ती मर्यादा उरलेली नाही. खिळ्यांची पेटी गेली, संगणकाला हजार अक्षरे सांगा, तो हजार ठेवील. आणि नेमक्या याच काळात आपण न विचारता, न अभ्यासता, न भांडता आपली अक्षरे सोडून देत आहोत. पट्टीच्या माथ्यावर छापलेले ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीने रूढ केलेले. त्यांच्याच खालच्या ओळीत ‘शेतकर्याचे नाव’ छापताना कोणाला काही वाटत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो करणारे मूर्ख नसतात. ते म्हणतात, भाव कळला, रक्कम मिळाली, मग रफार इकडे की तिकडे याने काय बिघडते? पहाटे तीनला उठलेल्या दिवाणजीला व्याकरणाचे धडे कोण देणार? या म्हणण्यात तथ्य आहे. दिवाणजीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती दिलेला संगणक आणि त्यातला पट्टीचा नमुना दुसऱ्या कोणीतरी तयार केला आहे. पण म्हणूनच चूक एकदाच सुधारली तरी पुरते. नमुन्यात ‘शेतकऱ्याचे’ एकदा नीट बसवले, की रोजच्या सगळ्या पट्ट्या नीट निघतील. ज्या सोयीने मराठीचा घात केला, तीच सोय मराठीच्या चाकरीला लावता येते. ‘बास’ लिहिले की ‘बाजार समिती’, ‘गुभु’ लिहिले की ‘गुळ-भुसार’, ‘शेतकर्या’ उमटले की तत्काळ ‘शेतकऱ्या’, अशा आपल्या जोड्या स्वयंदुरुस्तीच्या यादीत भरता येतात. दिवाणजीच्या वहीतल्या खुणा पुन्हा दिवाणजीच्या होतील.

याला ना शासन-निर्णय लागतो, ना अनुदान. शाखेतील एखादा संगणक जाणणारा तरुण, रविवारची सकाळ आणि एक गाळा, एवढ्यावर काम सुरू होते. वर्डच्या पर्यायांमध्ये ‘प्रूफिंग’ या भागात स्वयंदुरुस्तीची सगळी खुंटाळी आहे. नको त्या खुणा काढाव्यात, हव्या त्या ठेवाव्यात. मजकुराची भाषा मराठी करावी. एक्सेलमध्ये दराचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून नोंदवावा, म्हणजे मेथीची तारीख होणार नाही. ज्या संस्था वर्षाकाठी मराठी दिनाचे कार्यक्रम करतात, त्यांनी एक कार्यक्रम कमी करून शे-दोनशे शब्दांची अशी एक तयार यादी बाजारपेठांना, पतसंस्थांना, शाळांना फुकट वाटावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्या दिवसाच्या कित्येक अभिनंदन-फलकांवरचे ‘र्या’ अजून कोणी मोजलेले नाहीत.

आणि हे सगळे होईपर्यंत, यंत्राने डोळ्यांदेखत काही बदललेच, तर त्याच क्षणी ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या दोन कळा एकत्र दाबाव्यात. यंत्राने केलेला बदल मागे जातो आणि माणसाने लिहिलेले जसेच्या तसे परत येते. पुढची ओळ लिहिण्याआधी दाबायचे, एवढे पथ्य सांभाळावे लागते.